गाभ्याची फोड कुणाला?

कलिंगडाचा सगळ्यांत गोड भाग बरोबर मधोमध असतो आणि तो असतो थोडाच. खाणारी तोंडं मात्र चार, सहा, सुट्टीत मामाकडे मुलं जमली तर दहा. त्या गाभ्यातला घास कुणाच्या ताटलीत पडणार, हे फळ आणणारा ठरवत नाही, कापणारा हात ठरवतो. घरोघरी वर्षानुवर्षं हे काम एखाद्या आजीकडे, काकाकडे किंवा घरातल्या थोरल्या सुनेकडे असतं. वरवर ते साधं दिसतं. पण फळ नेमकं कसं घडलेलं आहे हे कळलं, तर सुरी कुठून लावायची हे आपोआप कळतं.

कलिंगड पिकायला लागतं ते आतून. साखर आधी गाभ्यात साठते आणि मग सालीच्या दिशेने पसरत जाते. चांगल्या पिकलेल्या फळाच्या गाभ्यातला रस रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर तपासला तर साधारण 10 ते 12 ब्रिक्स भरतो. म्हणजे शंभर ग्रॅम रसात तितके ग्रॅम विरघळलेले घटक, आणि त्यात बहुतांश साखर. साल जवळ येते तसा हा आकडा उतरत जातो. बिया गाभ्यात नसतातच. गाभा आणि साल यांच्या मधल्या पट्ट्यात, तीन कप्प्यांत त्या रांगेने बसलेल्या असतात. आडवं कापलेलं कलिंगड नीट पाहिलं तर ही तीन भागांची रचना स्पष्ट दिसते. काही फळांत आत भेगा पडलेल्या असतात, त्याही बहुधा याच तीन रेषांवरून गेलेल्या असतात.

आता वाटणीचा प्रश्न. फळ आडवं कापून गोल चकत्या केल्या तर मधल्या दोन-तीन चकत्यांत गाभा भरपूर येतो आणि टोकांच्या चकत्यांत जवळजवळ काहीच येत नाही. त्या चकत्यांचे त्रिकोण करून परातीत मांडले की दिसायला सगळे सारखे. पण ज्याच्या हाती टोकाकडचा त्रिकोण आला, त्याला फिकट पाणचट घास मिळतो आणि तो म्हणतो, ‘कलिंगड गोड नाही.’ फळ गोड असतं, फक्त त्याच्या वाट्याचं गोड नसतं.

उभं कापलं तर हा अन्याय टळतो. देठापासून खालच्या टोकापर्यंत सुरी चालवून आधी दोन भाग, मग चार, मग आठ लांब फोडी करायच्या. प्रत्येक फोडीची वरची धार थेट गाभ्यातून आलेली असते, त्यामुळे प्रत्येकाला पहिला घास गोड आणि शेवटचा सालीजवळचा मिळतो. मुलांनी फोड दोन्ही हातांत धरून खाण्याचा आनंद याच पद्धतीत आहे. घरात दात नसलेले आजोबा असतील किंवा डब्यात द्यायचं असेल तर चौकोनी तुकडेच सोयीचे. तेव्हा गाभ्याचे आणि कडेचे तुकडे एका भांड्यात हलक्या हाताने मिसळून मगच वाढावेत. एवढ्या साध्या गोष्टीने जेवणावरची निम्मी भांडणं मिटतात, हे मुलांच्या घरात कुणीही मान्य करेल.

कापण्याच्या कामात बोट कापण्याची भीती खरी आहे. गोल, गुळगुळीत, चार-पाच किलोचं फळ ओट्यावर घरंगळतं आणि बोथट सुरी त्याच्या सालीवरून निसटते. त्यामुळे सुरी लांब आणि धारदार हवी, पाटाखाली किंवा बोर्डाखाली ओलं फडकं हवं. आधी देठाकडची आणि खालची अशा दोन पातळ चकत्या उडवल्या की फळाला बूड मिळतं. ते उभं ठेवून वरून खाली एकदा कापलं, की दोन्ही अर्ध्या भागांची सपाट बाजू खाली टेकवायची. इथून पुढे फळ हलत नाही. विळीवर आख्खं कलिंगड कापायच्या फंदात पडू नये, फोडी झाल्यावर साल काढायला ती चालते.

बिया काढायच्या असतील तर त्यांची रांग शोधायची. लांब फोडीवर बियांची ओळ सालीला समांतर जाते. त्या ओळीच्या वरून सुरी फिरवली की बिनबियांचा गाभा सुटा होतो आणि खालच्या भागातल्या उघड्या पडलेल्या बिया काट्याने खरवडता येतात. तान्ह्यांना आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना देताना हे कष्ट घ्यायलाच हवेत. त्यांना गोल जाड गोळे न देता बारीक पट्ट्या द्याव्यात, आणि मूल खाली बसून खात असावं.

या सगळ्याच्या आधीची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. साल खायची नाही, मग धुवायची कशाला, असं वाटतं. कलिंगड मातीवर वाढतं, टेम्पोत गवताच्या थरावर रचलं जातं, रस्त्याकडेला ढिगात पडून असतं. सालीवरचे जिवाणू सुरीच्या पात्याबरोबर थेट गरात उतरतात. लिंबू-संत्र्याच्या आंबटपणात जिवाणूंना वाढायला अवघड जातं. कलिंगडाच्या गरात आंबटपणा फार कमी आणि साखर-पाणी मुबलक, त्यामुळे तिथे साल्मोनेलासारख्या जिवाणूंचं फावतं. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत कापलेलं कलिंगड-खरबूज हे दूध-मांसासारखं थंडच ठेवायच्या पदार्थांत मोडतं. तिथला नियम सोपा आहे. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगाव, सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तो एक तासही चैनच म्हणायची.

त्यामुळे फळ वाहत्या पाण्याखाली हाताने किंवा ब्रशने चोळून धुवावं, कोरडं पुसावं आणि मगच कापावं. कांदा किंवा मासळी कापलेला बोर्ड वापरू नये. उरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये जावेत आणि तीन-चार दिवसांत संपावेत. बाजारात प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेलं अर्धं कलिंगड मिळतं. ते बर्फावर किंवा थंड कपाटात ठेवलेलं नसेल तर घेऊ नये, कारण ते कधी आणि कुठल्या सुरीने कापलं हे कुणालाच माहीत नसतं. कापल्यावर फेस आला, आंबूस वास आला किंवा गर बुळबुळीत लागला तर चव बघण्याच्या मोहात न पडता फळ टाकून द्यावं. आत नुसती पोकळी किंवा भेग असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. परागीभवन अपुरं झालं की अशी पोकळी येते, फळ खायला चांगलंच असतं.

परागीभवनाचा हा मुद्दा बाजारातल्या एका लोकप्रिय समजुतीवरही उत्तर देतो. लांबट कलिंगड ‘नर’ आणि पाणचट, गोल कलिंगड ‘मादी’ आणि गोड, असा संदेश दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतो. कलिंगडाच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, हे खरं. पण फळ धरतं ते फक्त मादी फुलाला. ते फूल एकच दिवस उमलतं आणि त्या दिवसात मधमाश्यांनी त्यावर पुन्हा पुन्हा यावं लागतं, तेव्हा कुठे फळ भरून वाढतं. आकार ठरतो तो वाणावर आणि या भेटींवर.

मग पिकलेलं फळ ओळखायचं कसं? कलिंगड तोडल्यावर पुढे पिकत नाही, हे पहिलं लक्षात ठेवायचं. खरबूज घरी ठेवून पिकतं, केळी-आंबा पिकतो, कलिंगड मात्र वेलावर जेवढं गोड झालं तेवढंच. म्हणून पारख घेण्याच्या क्षणीच करावी लागते. फळ ज्या अंगावर जमिनीला टेकलेलं असतं तिथे एक डाग असतो. तो पांढरट किंवा फिकट हिरवा असेल तर फळ लवकर तोडलंय, लोण्यासारखा पिवळा झाला असेल तर ते पुरतं पिकलंय. सारख्या आकाराच्या दोन फळांत जड असेल ते घ्यावं. टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज कच्च्याचा, दबका आवाज पिकलेल्याचा. शेतकऱ्याकडे आणखी एक खूण असते: फळाच्या देठाजवळचा वेलाचा ताणा वाळून तपकिरी झाला की तोडणीला हरकत नाही. विक्रेता त्रिकोणी तुकडा कापून लाल रंग दाखवतो, पण घरी जायला वेळ असेल तर असं कापलेलं फळ नकोच. इंजेक्शनने रंग भरल्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्यासाठी घरगुती चाचणी सांगितली आहे: कापसाचा बोळा गरावर घासायचा आणि तो गडद लाल होतो का पाहायचं.

महाराष्ट्रात कलिंगड येतं त्याच्या वाटा अनेक आहेत. विदर्भात, खानदेशात याला टरबूज म्हणतात आणि वैनगंगेसारख्या नद्यांच्या पात्रात पाणी ओसरलं की वाळूत खड्डे करून, शेणखत भरून त्याच्या वाड्या लावण्याची जुनी रीत आहे. वर तापलेली वाळू आणि खाली ओल, ही परिस्थिती या वेलाला मानवते. मुळात हा वेल आफ्रिकेचा. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात सुदानमधल्या कोर्दोफान भागातलं पांढऱ्या गराचं कलिंगड आजच्या फळाचं सर्वांत जवळचं नातेवाईक ठरलं. कोकणात भात कापून झालं की अलिबाग, पेण, रोह्यापासून थेट सिंधुदुर्गापर्यंत त्याच खाचरांत कलिंगड लागतं आणि मुंबई–गोवा महामार्गाच्या कडेला ढीग दिसू लागतात. घाटावर आता ठिबक आणि प्लास्टिकच्या मल्चिंगवर लागवड होते. रोप लावल्यापासून सत्तर-पंचाहत्तर दिवसांत तोडणी येते, म्हणून शेतकरी रमजानचा महिना कधी येतो हे पाहून लावणीची तारीख ठरवतात. दिवसभराच्या उपवासानंतर इफ्तारच्या ताटात कलिंगड हवंच असतं.

गेल्या काही दशकांत या फळात झालेला सर्वांत मोठा बदल मात्र रंगाचा किंवा चवीचा नाही, तो वजनाचा आहे. एकेकाळी दहा-बारा किलोचं फळ एका बैठकीत संपायचं, कारण बैठकीला माणसं तेवढी असायची. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमात ‘शुगर बेबी’ हा लहान, गडद हिरवा, गोल वाण तयार झाला. शीतकपाटात मावेल असं फळ हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. भारतातही तो रुजला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का माणिक’ दिलं, ते सरासरी सहा किलोचं. आज मुंबई-पुण्याच्या मंडईत ‘किरण’, ‘शुगर क्वीन’ अशा नावांनी विकली जाणारी लांबट, काळपट हिरवी फळं बहुतेक दोन ते पाच किलोंच्या दरम्यान असतात. तीन-चार माणसांच्या घराला एवढंच झेपतं. कुटुंब लहान झालं तसं फळही लहान झालं, आणि हा बदल एवढा हळू झाला की कुणाच्या लक्षातही आला नाही.

बिनबियांच्या कलिंगडामागेही असंच दीर्घ काम आहे. जपानी जनुकशास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी 1951 मध्ये त्रिगुणित कलिंगडावरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. नेहमीच्या वेलाच्या गुणसूत्रांची संख्या कोल्चिसीन या रसायनाने दुप्पट करायची आणि अशा वेलाचा साध्या वेलाशी संकर करायचा. त्यातून येणाऱ्या रोपात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे त्याच्या फळात बी भरत नाही. खाताना दिसतात ती मऊ पांढरी कवचं त्या न भरलेल्या बियांची, आणि ती गिळली तरी काही बिघडत नाही.

वाटणीवरून आठवतं ते गोव्यातलं पर्रा गाव. बारदेशातल्या या गावची मोठी कलिंगडं प्रसिद्ध होती. याच गावावरून आडनाव पडलेले दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या नावाने एक आठवण सर्वत्र सांगितली जाते. गावातला एक शेतकरी हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, मुलांना बोलावून कलिंगड खाण्याची स्पर्धा लावायचा. हवं तेवढं खा, पण बी चावायचं नाही, समोरच्या भांड्यात टाकायचं. मुलांपुढे तो आपली सर्वांत मोठी, सर्वांत गोड फळं ठेवायचा, कारण त्या बिया पुढच्या वर्षीचं बियाणं होत्या. पुढे शेती मुलाच्या हाती गेली. त्याने मोठी फळं बाजारात पाठवली आणि लहान फळं स्पर्धेला ठेवली. काही वर्षांत पर्र्याचं कलिंगड लहान होत गेलं. या आठवणीत शेतीशास्त्र अगदी पक्कं आहे. ज्या फळाचं बी राखाल, त्याचे गुण पुढे जातात. घरात सर्वांत चांगली फोड मुलांना द्यायची आपली सवय त्या बापाने शेताच्या पातळीवर पाळली होती.

राजस्थानात तर कलिंगडावरून लढाई झाल्याचं सांगतात. बिकानेरच्या हद्दीत वेल, नागौरच्या हद्दीत फळ, आणि ते कुणाचं यावरून 1644 मध्ये दोन राज्यांची सैन्यं भिडली. ‘मतीरे की राड’ या नावाने ती तिथे लक्षात आहे.

कापणं ही कलाही आहे, आणि तिची मराठी परंपरा चैत्रागौरीच्या हळदीकुंकवात टिकून आहे. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे यांच्याबरोबर गौरीपुढे कोरलेल्या कलिंगडाचं कमळ मांडलं जातं. अरुंद टोकदार सुरी फळाच्या कमरेवर तिरकी, थेट मध्यापर्यंत खुपसायची, बाहेर काढून उलट्या बाजूला तिरकी खुपसायची, आणि नागमोडी दातेरी रेघ पूर्ण फिरवून आणायची. मग दोन्ही भाग हलकेच पिळून वेगळे केले की पाकळ्यांची कड असलेली दोन कमळं मिळतात. सुरी प्रत्येक वेळी मध्यापर्यंत पोचली नाही तर भाग सुटत नाहीत आणि ओढाताणीत पाकळी तुटते. पाहुण्या गेल्यावर हे कमळ तसंच रात्रभर आराशीत राहू देऊ नये. ते कापलेलंच फळ आहे.

थंड कलिंगड जास्त गोड लागतं, हा भास नाही. कलिंगडात ग्लुकोज आणि साध्या साखरेपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं, आणि फ्रुक्टोजची गोडी थंडपणात वाढते. तरी आख्खं फळ दिवसेंदिवस फ्रीजमध्ये ठेवू नये. दहा अंशांखालच्या थंडीत त्याची साल खड्डे पडून खराब होते आणि गराचा रंग-स्वाद उतरतो. अमेरिकी कृषी विभागाच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं, की 21 अंशांवर दोन आठवडे ठेवलेल्या आख्ख्या कलिंगडात लायकोपीन आणि बीटा-कॅरोटीन ताज्यापेक्षा वाढलं. तेव्हा आख्खं फळ सावलीत, हवेशीर कोपऱ्यात आणि कापायच्या आधी काही तास फ्रीजमध्ये, हा क्रम उत्तम. चिमूटभर मीठ किंवा काळं मीठ गोडी उठावदार करतं, पण ते वाढतानाच घालावं. आधी घातलं तर तुकडे पाणी सोडून लोळागोळा होतात. मधुमेह असलेल्यांनी एखादी फोड खावी, रसाचा पेला टाळावा. शंभर ग्रॅम गरात साखर सहा ग्रॅमच असते, पण एका पेल्यात किती फोडी गेल्या हे पिताना कळत नाही.

फोडी संपल्यावर परातीत जो ढीग उरतो, तो फळाच्या वजनाचा मोठा हिस्सा असतो. त्यातला हिरवा कडक पापुद्रा सोडला तर बाकी सगळं स्वयंपाकाचं आहे. सिट्रुलीन हे अमिनो आम्ल 1914 मध्ये जपानमध्ये कलिंगडाच्या रसातच सापडलं आणि कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याचं नाव पडलं. ते सालीच्या पांढऱ्या भागातही भरपूर असतं. हा पांढरा भाग दुधीसारखा वागतो. भिजवलेल्या हरभरा डाळीबरोबर त्याची भाजी होते. किसून त्यात भाजणी, तिखट, मीठ, कोथिंबीर घातली की थालीपीठ होतं, आणि किसाला सुटणाऱ्या पाण्यातच पीठ भिजतं, वरून पाणी लागत नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या कोकणी घरांत हेच तुकडे भिजवलेल्या तांदळाबरोबर वाटून मऊ, जाळीदार डोसे करतात. साल वापरायची असेल त्या दिवशी फोडी उष्ट्या करू नयेत. गर आधी सुरीने सोडवून वाढावा आणि पांढरा भाग वेगळा ठेवावा.

बियांचं मोल तर मिठाईवाल्याला विचारावं. सोललेलं बी म्हणजे मगज, आणि शंभर ग्रॅम मगजात सुमारे 28 ग्रॅम प्रथिनं असतात. घरी सोलण्याचा खटाटोप नको असेल तर बिया धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, मीठपाण्याचा हबका मारून कढईत तडतडेपर्यंत भाजाव्यात आणि कवचासकट चावून खाव्यात. अंगणात पेरायच्या असतील तर बाजारातल्या संकरित फळाच्या बिया राखू नयेत. त्यांच्यापासून येणारी फळं आकाराने आणि गोडीने वेगवेगळी निघतात. त्यासाठी ‘शुगर बेबी’ किंवा ‘अर्का माणिक’सारखा सरळ वाण घ्यावा, थंडी ओसरल्यावर आळं करून एका ठिकाणी तीन बिया टोकाव्यात आणि उगवल्यावर सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची उपटून टाकावीत.